जुड्या मीच बांधणार

"म्हातारपणात असं व्हायचंच." हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं तो भेटला, तर त्याला मेथीच्या वाफ्यात उभा करून जाब विचारीन. माझी बायको डोळ्यांदेखत एकेक करत सगळं विसरत गेली आणि गाव, पाव्हणेरावळे, घरची माणसं, सगळी तेवढंच म्हणत राहिली. उसाला कीड लागली तर आम्ही म्हणतो का, उसाला असं व्हायचंच? लगेच पंप पाठीला अडकवतो. माणसाच्या डोक्याला लागली की मात्र हात झटकून मोकळे.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, बोटं दुखतात. तरी लिहितोय, कारण हे बोलून दाखवलं की लोक "आबा, तुमचं वय झालं" म्हणून विषय बदलतात. कागदाला तसं करता येत नाही.

आमचं रान पिंपळीच्या शिवारात. ऊस आहेच, पण घर चालतं ते मेथी-कोथिंबिरीवर. दुपार कलली की भाजी उपटायची, पडवीत ढीग घालायचा आणि सगळ्यांनी बसून जुड्या बांधायच्या. मग टेम्पो येतो आणि माल बारामतीच्या मार्केटात जातो. या कामात माझ्या बायकोचा हात धरणारं शिवारात कोणी नव्हतं. मूठ भरली की जुडी तेवढीच. मुळं एका रेषेत, सुतळीचा एक वेढा, एक गाठ, आणि तोंड चालूच. कुणाची सून कशी, कुणाचा बोअर आटला, सगळं जुडीबरोबर बांधून व्हायचं.

तिचं माहेर भिगवणच्या अलीकडं, इंदापूर तालुक्यात. तिचं लहानपणचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, आणि मंग सगळी माणसं वर माळावर राहायला आली. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण डोकं साथ सोडायला लागल्यावर ती सकाळीच लुगड्याचं गाठोडं बांधून दारात यायची. "मला माहेरी सोडा. आई वाट बघत आसंल."

मुलगा समजवायचा, "आई, ते गाव बुडालं न्हवं का."

आणि ती ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मटकन खाली बसायची. रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडं, पुन्हा तेच सांगणं, पुन्हा तेच रडणं. एके दिवशी मी ओरडलो, "बास! कुणी काय सांगायचं न्हाय तिला. रोज उठून कशाला बुडवताय तिचं गाव?" त्यापुढं ती गाठोडं घेऊन आली की मी म्हणायचो, "सोडतो की. आधी एवढी मेथी उरकू." ती बसायची. सुतळी हातात आली की माहेर मागं पडायचं.

पण जुड्या बिघडायला लागल्या. एक घागरीएवढी, एक लेकराच्या मुठीएवढी. मुळं वर, पाला खाली. मार्केटातून आडत्याचा मुलाला फोन आला, माल नीट बांधा म्हणून. त्या संध्याकाळी सुनेनं तिच्या हातातली सुतळी काढून घेतली. रागानं नाही, मायेनंच. "आत्या, तुमी बसा. लई केलंत आयुष्यभर. आता बसून खायचं." अंगणात आंब्याखाली लाल खुर्ची टाकली आणि तिला बसवलं.

आमच्याकडं "बसून खा" हा आशीर्वाद आहे. ज्या घरात म्हातारी माणसं खुर्चीत बसलेली दिसतात, ते घर सुखी म्हणतात. म्हाताऱ्याच्या हातात खुरपं दिसलं तर चार लोक मुलाला नावं ठेवतात. मला विचाराल तर यासारखी शिवी नाही. खुर्चीत बसल्यापासून बायको आठवड्याला एकेक पायरी नाही, अख्खा जिनाच खाली आली. बोलणं गेलं. हात मांडीवर पडून राहायचे आणि बोटं आपली आपणच हलायची, नसलेल्या सुतळीला गाठ मारत.

मी तिला उठवून पडवीत आणली. सून म्हणाली, "मामा, आडत्या माल परत पाठवील."

"पाठवू दे. मी हाय."

मी तिच्या पाठीमागं बसायचो. ती बांधून टाकायची, मी ती जुडी सोडून पुन्हा बांधायचो. तिला दिसू नये म्हणून पोत्याआड. ती अधूनमधून मागं वळून काहीतरी विचारायची. आवाज बारीक झाला होता. मी म्हणायचो, "व्हय." ती हसायची आणि पुढची मूठ भरायची. अंथरूण धरलं तोवर ती कामावर होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मंग गेली.

ती गेल्यावर ती खुर्ची कुणी उचलली नाही. मला वाटलं, राहू द्या आठवण म्हणून. तसं नव्हतं. खुर्ची माझी वाट बघत होती.

झालं असं. मी खालच्या वाफ्यात होतो. सुनेनं ओट्यावरून हाक मारून काहीतरी सांगितलं. मी हात वर करून "व्हय" म्हणालो. संध्याकाळी बघतो तर ठिबकचा कॉक उघडाच, आणि काढायला आलेली मेथी चिखलात आडवी.

"मामा, कॉक बंद करा म्हणलं की मी. तुमी व्हय म्हणालात!"

"म्हणालो असंन."

"मंग इसरला कसं?"

मुलगा नुसता माझ्याकडं बघत राहिला. तसंच तो आईकडं बघायचा. दुसऱ्या दिवशी मोटरच्या पेटीची किल्ली खिळ्याला नव्हती. स्कुटीची पण नव्हती. पडवीत बसलो तर सून सुतळीचा गुंडा पदराआड घेऊन म्हणाली, "मामा, आज राहू द्या तुमी." आंब्याखालची खुर्ची धुऊन पुसून ठेवली होती.

मुलगा म्हणाला, "आबा, आता बास. आरामात बसा. आमाला काय कमी हाय?"

"ह्याच खुर्चीत तुझी आई बसवली. काय झालं बघितलंस. मी उभ्यानं मरीन, पण हिच्यात बसणार न्हाय."

"आन् तुमचं बी आईगत झालं तर?" त्याचा आवाज फाटला. तो रागावला नव्हता, भेला होता. भीती मलाही होती, पण बापानं ती मुलासमोर काढून ठेवायची नसते.

मी म्हणालो, "चल मंग, डोक्याच्या डॉक्टरकडं. माझं डोकं गेलं म्हणाला तर गपगुमान बसतो. न्हाय म्हणाला, तर ह्या खुर्चीची मी चूल पेटवणार."

"आबा, ती प्लास्टिकची हाय."

"मंग वास येईल. येऊ दे."

बारामतीत डॉक्टरीणबाई निघाल्या. माझ्या नातीच्या वयाच्या. मुलाकडून कॉकचं सगळं ऐकून घेतलं, त्याला बाहेर बसवलं आणि मला प्रश्न सुरू. वार कोणता, महिना कोणता, हे तीन शब्द ध्यानात ठेवा. मंग कागद पुढं सरकवून म्हणाल्या, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.

"बाई, मला चित्रं येत न्हाईत. आन् मी घड्याळावर कवा चाललोच न्हाय. मी लाइटीवर चालतो."

"मग लाइटीचं सांगा."

मी शेतीच्या लाइटीचं सगळं सांगितलं. कुठल्या वारी दिवसपाळी, कुठल्या वारी रात्रपाळी, मागच्या आठवड्यात कधी बदलली, कुठं फेज जातो. त्या हसल्या. मंग तोंडापुढं कागद धरून काहीतरी म्हणाल्या. मी म्हणालो, "व्हय."

कागद खाली आला. "आबा, मी काय विचारलं?"

इतकी वर्षं मला कुणी पकडलं नव्हतं. कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं, घरात कुणाला नव्हतं, कारण मी सगळ्याला व्हय म्हणायचो. आमच्यातल्या निम्म्या गड्यांची हीच रीत आहे. चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो, कानात मशीन घातलं की बहिरं ठरतं. त्यापेक्षा मान हलवायची, समोरचा हसला की आपण हसायचं, आणि पारावरून शहाण्यासारखं उठून यायचं.

कान तपासले. बाईंनी मुलाला आत बोलावून सांगितलं, "हे कॉकचं विसरले नाहीत. ते यांना ऐकूच आलं नाही. जे कानातून आत गेलंच नाही ते डोक्यात कुठून राहणार? पण असंच चालू दिलं तर पुढं डोक्यालाही त्रास आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचं सोडतं, एकटं पडतं, मेंदूला काम राहत नाही. कानाला मशीन लावा, बीपीची गोळी चुकवू नका, तंबाखू सोडा, चाला, चार माणसांत बसा. आणि यांना कामातून काढू नका. वाटलं तर सोबत राहा."

मी विचारलं, "बाई, माझ्या बायकोला बी कमी ऐकू यायचं. त्यापायीच झालं का?"

त्या म्हणाल्या, "ते आता कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही, आबा. कारणं पुष्कळ असतात. काही आपल्या हातातली, काही नाहीत. तुम्ही सगळं केलं तरी होणारच नाही, असंही मी म्हणणार नाही."

खोटं बोलल्या नाहीत म्हणून त्या मला आवडल्या. देव सगळं बरं करील, असं सांगणारे लई भेटले होते.

उठता उठता त्यांनी मुलाला विचारलं, "तुमचं बीपी कधी मोजलं?"

"मला कशाला? मी ठणठणीत हाय."

पट्टा बांधला. फुगा सोडताना बाईंचा चेहरा बदलला. पुन्हा मोजलं. मंग त्याला खाली बसवून त्यांनी चांगलं सुनावलं. मेंदूची काळजी सत्तरीत सुरू करायची नसते, ती तुमच्या वयातच करायची. मीठ कमी, झोप पुरी, आणि गाडीवर हेल्मेट घालता का? माझा मुलगा मान खाली घालून "हो मॅडम" म्हणत होता. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "खुर्ची पेटवायची राहू दे. तुला लागंल."

तो पहिल्यांदा हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

मशीन आलं. पहिले काही दिवस डोकं उठलं. भांडी, मोटर, चिमण्या, माझ्याच वहाणा, सगळं अंगावर यायचं. सुनेचा आवाज इतका जाडा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पारावर गेलो तर माझ्याच वयाचा एक जण म्हणाला, "काय आबा, कानात रेडू लावला का?"

"व्हय. बातम्या लागल्यात. मघाशी तू माझ्या मागं काय बोललास, तीच पहिली बातमी."

सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा, दुसऱ्यांकडं बघून. निघताना माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, "कुठं मिळतं रं हे?" मी सांगितलं. तंबाखूचं मात्र विचारू नका. कमी केली आहे, सुटली नाही. मी काही साधू नाही.

एके दिवशी मुलगा मोबाईल घेऊन आला. "आबा, आईचं एक शूटिंग हाय. दाखवू का?" पडवीतलंच. ती पुढं बसलेली, मी मागं पोत्याआड तिची जुडी सोडतोय. ती मान वळवते आणि काहीतरी विचारते. तेव्हा माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं ते आता स्वच्छ आलं.

"अवं, बराबर झाल्यात का माझ्या जुड्या?"

आणि पोत्याआडून माझा आवाज. "व्हय."

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. रोज तेवढंच विचारायची का काय, देव जाणे. न ऐकता व्हय म्हणत आलो, आणि तिला व्हयच पाहिजे होतं. माझ्या बहिरेपणानं आयुष्यात एवढं एकच काम बरं केलं. मुलगा तोंड फिरवून बाहेर गेला. मी बसून राहिलो, पण जमिनीवर. खुर्चीत नाही.

आता किल्ल्या खिळ्याला आल्या आहेत. कॉक बंद करायचा असला की सून वाफ्यापर्यंत येऊन समोर उभी राहून सांगते, आणि मी नुसतं व्हय म्हणत नाही, काय बंद करायचं ते बोलून दाखवतो. लाल खुर्चीत मुलगा बसतो, सकाळी, दंडाला पट्टा बांधून.

काल पडवीत मेथीचा ढीग मोठा होता. मी पुढं, सून माझ्या मागं. बांधता बांधता मला पाठीमागं पाला सळसळलेला ऐकू आला. मंग सुतळी सुटल्याची बारीक चरचर. त्या शूटिंगमध्ये ऐकल्यापासून मी हा आवाज ओळखतो. पोत्याआड बसून मीच तो किती वेळा काढला आहे.

मी मागं वळलो नाही.

"माझी जुडी सोडलीस?"

ती म्हणाली, "जरा ढिली होती, मामा."

"असंल. पण मागं बसून सोडायची न्हाय. हितं पुढं ये. माझ्या डोळ्यांसमोर सोड, कुठं चुकलं ते दाव, आन् मलाच परत बांधाय दे."

ती उठली. भाजीला वळसा घालून माझ्यासमोर येऊन बसली आणि सुटलेली मेथी माझ्या हातात दिली.