आत्यांचं पन्हं आणि दारातल्या चपला

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, असं व्रत अख्ख्या डोंबिवलीत एकाच बाईने घेतलं असेल, तर ती माझ्या मैत्रिणीची आत्या. कोपरला, पश्चिमेच्या बाजूला एका जुन्या इमारतीत त्या एकट्या राहायच्या. ‘आत्या, किती वाजले?’ विचारलं की ‘तुला किती वाटतात?’ ‘भात किती लावू?’ म्हटलं की ‘जेवायला कोण कोण?’ रिक्षावाल्याला कुठे जायचं ते त्या सरळ सांगायच्या, तेवढीच सवलत. पण पुढे उभ्या टेम्पोत आपल्यासारख्या किती रिक्षा मावतील, हे उतरेपर्यंत त्यालाही विचारून व्हायचं, आणि तो बिचारा मान बाहेर काढून टेम्पो न्याहाळायचा.

आत्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांना एका कोड्याने धरलं, ते कायमचं: लहान मुलाला ‘पाच’ कळतं म्हणजे नेमकं काय कळतं? शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या पोराला चार वाट्या आणायला सांगा, म्हणायच्या, वाट्या येतील, चार येतीलच असं नाही. म्हणून संध्याकाळी त्यांचं दार उघडं असे आणि इमारतीतली चार-पाच वर्षांची पोरं आत. अट एकच, बरोबर घरातलं मोठं माणूस हवं. ‘पोर टाकून जायला हे पाळणाघर नाही. गणित घरी राहतं, माझ्याकडे नुसतं खेळायला येतं.’ तिथे मटार सोलणं हा मोठा कार्यक्रम. शेंग फोडायच्या आधी आत दाणे किती ते सांगायचं. खालच्या मजल्यावरचे बँकेतले काका एकदा एका शेंगेवरून नातवाशी असे हमरीतुमरीवर आले की सूनबाईंना मध्ये पडावं लागलं. मी चळवळीतल्या, पत्रकं काढणाऱ्या घरात वाढलेली. पाच वर्षांच्या पोरांच्या आईबापांना घाबरवून वर्ग भरणाऱ्यांवर एक जळजळीत पत्रक काढून मी गठ्ठाच आत्यांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, ‘मुद्दा खरा आहे गं,’ म्हणाल्या, आणि पोरांना एकेक वाटून अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं अशा घड्या घालायला बसवलं. ‘कागदही चांगला आहे.’

अट मोडायची मुभा फक्त समोरच्या दारातल्या स्वराच्या आईला होती. ती स्वराला उंबऱ्यात सोडून पळायची. नाक्यावरच्या एका क्लासमध्ये घड्याळ लावून बेरजा करून घेत. तिथे जायची वेळ झाली की स्वरा पोट धरून बसायची. तरी पुढच्या वर्षाचा प्रवेश येत्या सोमवारी घ्यायचाच, असं तिच्या आईचं ठरलेलं.

‘अगं, पोट दुखतं तिचं. कशाला पाठवतेस?’

‘आत्या, मी दहावीला गणितात उडालेली. माझ्याजवळ राहिली तर तीपण उडेल. ते क्लासवाले तरी शिकलेले आहेत.’

आत्यांनी स्वराला आत घेतलं आणि मटाराची टोपली पुढे ओढली.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी, रविवारी, आत्यांकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. पन्ह्याची जबाबदारी पोरांवर. ‘बायका किती आल्यात ते तुम्हीच शोधा. तेवढेच पेले भरायचे.’ आता हळदीकुंकवाला आलेल्या बायका कधी एका जागी बसतात? मोजेपर्यंत एक ओटी भरून घ्यायला आत, दुसरी डाळ चाखायला ओट्यापाशी. पोरं रडकुंडीला आली. तेवढ्यात स्वरा दाराकडे धावली. मोठ्यांच्या चपलांच्या दर जोडीमागे एकेक पेला तिने जिन्याजवळ मांडला आणि तेवढेच भरून घेतले. पन्हं वाटलं, तर एक पेला कमी पडला.

‘चुकलं वाटतं गं बाळ,’ कोणीतरी हसत म्हणालं. स्वराचा हात पोटावर गेला. तिच्या आईने तो हात पाहिला.

‘थांबा हं,’ ती म्हणाली आणि लेकीला घेऊन तरातरा बाहेर गेली. ‘सगळ्यांनी आपापल्या चपलांपाशी उभं राहा बघू.’ भरजरी साड्या नेसलेल्या बायका जिन्यात शाळेसारख्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीला जोडी मिळाली. बिनचपलेची उरली एकटी स्वराची आई. स्वराने तिच्या पायांकडे पाहिलं आणि किंचाळली, ‘आई, तू अनवाणी आलीस!’ समोरच्या दारातून यायला चपला कोण घालतं? आई मटकन खाली बसली आणि हसत सुटली. ‘बरोबर होतं गं तुझं. चपला मीच नाही घातल्या.’

आत्यांनी तिच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. ‘दहावीला उडालेली ना तू? मग हे काय केलंस आत्ता?’

‘काय केलं? कुठे अडलं ते शोधलं फक्त.’

‘हं. फक्त.’

सोमवारी ती नाक्यावर गेली नाही. संध्याकाळी स्वराबरोबर आत आली आणि मटाराच्या टोपलीशी बसली.

पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. स्वराचं घर भाड्याने कल्याणला, आत्या मुलाकडे शहाडला. परवा मी त्यांना भेटून आले. उंच इमारत, सगळी दारं बंद. ‘लिफ्टमधून कोण कुठे उतरतं, कळतच नाही गं,’ म्हणाल्या. मी सांगितलं की स्वराच्या आईने तिकडे संध्याकाळी दार उघडं ठेवायला सुरुवात केली आहे. अजून तरी शेजारची एक आजी आणि तिची नात एवढ्याच येतात. आत्यांनी पुढे वाकून विचारलं,

‘शिकवताना घाबरते का गं ती?’

‘नाही. हसत असते.’

‘मग झालं,’ म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, तो मी पहिल्यांदाच पाहिला.