माशांच्या गोळ्या

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास नाशिकच्या एका मत्स्य कार्यालयात मी कारकून होतो. तिथल्या एका साहेबांना क जीवनसत्त्वावर बोलायला निमित्त लागत नसे. चहा मागवला तरी सुरू होत.

"मासा बिचारा ते स्वतः बनवू शकत नाही, बघा. खाद्यातून आलं तर आतड्यातून रक्तात जातं, थोडंफार यकृतात साठतं. तो साठा संपला की कण्याची वाट लागली, बघा."

दर 'बघा'नंतर जिभेचा चट् असा आवाज येई, कारण तोंडात कायम क जीवनसत्त्वाची एक आंबटगोड गोळी असे. त्या गोळ्या मागच्या सिमेंटच्या टाकीतल्या माशांसाठी येत. कुटून त्या कोंडा आणि पेंडीत मिसळायच्या, असा साहेबांचाच हुकूम होता. बाटली मात्र त्यांच्या टेबलावरून कधी हलली नाही. कोणी शिंकलं की ते मोठ्या मनाने ती पुढे सरकवत, "घ्या हो, माशांच्याच आहेत."

एका सकाळी टाकी सांभाळणाऱ्या पेठच्या मावशींनी परातीत एक रोहू आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्याची पाठ विळ्यासारखी वळली होती.

"सायेब, सगळंच मासं असं वाकडं व्हाया लागलंय."

साहेबांनी दोन बोटांनी मासा सरळ करून पाहिला. सोडताच तो पुन्हा वाकला. साहेबांचा चेहरा उजळला.

"क जीवनसत्त्व मिळालेलं नाही याला," ते आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

आणि गोळी त्यांनी या गालातून त्या गालात घेतली.