बिननावाचा ट्रक

नोकरीत मी पुष्कळ मृत्यू पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पीण्या भागातल्या त्या अपघाताचे तसे झालेले नाही. तो आठवला की अजूनही माझा आवाज चढतो आणि बायको आतून विचारते, "कोणावर ओरडताय?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची पाळी सुरू व्हायच्या सुमारास एका कारखान्यातला टर्नर सायकलवरून कामाला निघाला होता. वळणावर मागून आलेल्या ट्रकने त्याला उडवले. ट्रक थोडा पुढे जाऊन थांबला, चालक उतरला, जखमी माणसापर्यंत आला आणि परत गाडीत चढून पळून गेला. जवळच चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंनी हे सगळे पाहिले. त्या धावत आल्या, रिक्षांना हात केले. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून एकही रिक्षा थांबेना. शेवटी एका कारखान्याची व्हॅन मिळाली, पण रुग्णालयात पोचेपर्यंत रक्त फार गेले होते. थोडे आधी आणले असते तर वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले.

टपरीवाल्या बाईंचा जबाब मी स्वतः घेतला.

"अक्का, गाडीवर नाव काय होतं?"

"नाव नव्हतंच सर. दोन्ही बाजू कोऱ्या. हिरवा रंग, बस्स. मागच्या पाटीवर चिखल थापलेला. शेवटचे दोन आकडे तेवढे दिसले."

वाचकांपैकी बहुतेकांना हा नियम ठाऊक नसेल. मालवाहू ट्रकचा नंबर पुढे-मागे तर हवाच, शिवाय दोन्ही बाजूंनाही रंगवलेला हवा. डाव्या बाजूला मालकाचे नाव, पत्ता, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्यावरचे कमाल वजन, हेही रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे लागते. नियम साधा आहे. जो वाहन रस्त्यावर आणतो त्याने आपण कोण ते सांगावे. आमच्या खात्यातही याला कोणी फारसे मोजत नसे. पाटी नाही? किरकोळ दंड, चला पुढे.

संध्याकाळी मृताची पत्नी ठाण्यात आली. चामराजपेटेत राहणारे मराठी कुटुंब, माझ्याच पेठेतले. फिर्याद लिहून घेताना मी कन्नडमध्ये विचारत होतो, ती मात्र मराठीत म्हणाली, "अण्णा, गाडीवर नाव नव्हतं म्हणतात. मग तक्रार कुणाच्या नावानं लिहू?"

अज्ञात चालकाविरुद्ध, असे मी लिहिले. लिहिताना पेन कागदात रुतले.

त्या दोन आकड्यांवर संपणारे हिरवे ट्रक आम्ही शोधत गेलो. एका वाहतूक व्यावसायिकाला निरोप धाडला, तर तो स्वतः ट्रक घेऊन ठाण्यात हजर झाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गोड बोलणे. ट्रकवर ओरखडा नव्हता. दोन्ही बाजूंना नंबर, डावीकडे नाव, पत्ता, वजन, सगळे पिवळ्या रंगात ठळक.

"नीट बघा साहेब. हवे तितके दिवस ठेवून घ्या. आपलं काम नियमानं असतं."

टपरीवाल्या बाईंना दाखवला. "ही गाडी नव्हे," त्या ठामपणे म्हणाल्या. मालक हसला. तरीही मी पंचनामा करून ट्रक ठाण्याच्या आवारात लावून घेतला. ज्याच्यावर संशय आहे असा माणूस आपण होऊन इतके सहकार्य करू लागला, की मला ते आवडत नाही.

पुढे काहीच हलेना. वरिष्ठांनी फाइल बाजूला ठेवायला सुचवले. अशातच एका दुपारी एक हमाल फाटकातून आत डोकावला. आवारातल्या ट्रककडे बघत उभाच राहिला. शिपायाने हटकले तसा माझ्याकडे आला.

"सर, ही गाडी इथं कशी आली?"

"का रे?"

"आत्ताच जेवणाआधी मी हिच्यात लोखंडी सळया भरल्या. तुमकूरकडे गेली ना ती."

प्यायलाय की काय असे वाटले. मी त्याचे तोंड हुंगलेसुद्धा. तो चिडला. "मला अक्षरं येत नाहीत सर, पण आकडे येतात. हाच नंबर. फक्त तिच्या बाजूला हे असलं काही लिहिलेलं नव्हतं."

मी खुर्चीतून उठलो ते थेट वायरलेसपाशी गेलो. तुमकूर रस्त्यावर नाकाबंदी लावायला सांगितली आणि आवारातल्या ट्रकसमोर जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने हवालदाराचा आवाज आला, "सर, गाडी थांबवली. हिरवी आहे, बाजू कोऱ्या आहेत. पाटी पुसून नंबर वाचतो."

तो एकेक आकडा वाचत गेला. मी समोरच्या ट्रकवरचे आकडे बघत होतो. एकही चुकला नाही.

त्या दुसऱ्या ट्रकचा पुढचा बंपर ठोकून सरळ केला होता, वर नवा रंग होता. बंपरच्या आतल्या बोल्टला खाकी कापडाची चिंधी अडकलेली सापडली. मृताच्या डब्याच्या पिशवीची. तज्ज्ञांनी पुढे तसा अहवाल दिला. गाडी मुळात भंगारात निघालेली. तिला ना परवाना होता, ना विमा. एका नंबरावर दोन गाड्या धावत होत्या. म्हणूनच बाजू कोऱ्या ठेवल्या होत्या. पाटी दोन खिळ्यांवर बदलता येते, रंगवलेली अक्षरे तशी बदलता येत नाहीत.

चालकाला समोर बसवले. दरडावावे लागले नाही. खोटे बोलणारा माणूस आधी आपण कुठे होतो ते सांगतो. याने आधी पाणी मागितले आणि ग्लास हातात आल्यावर रडू लागला.

"तोही पाणी मागत होता सर. मी बाटली आणायला वळलो. मग मालकांचं बोलणं आठवलं."

"काय बोलणं?"

"ही गाडी रस्त्यावर नाहीच, असं ते सांगायचे. जी गाडी नाहीच, तिचा अपघात होत नाही. काही झालं तर थांबायचं नाही."

मालकाला आणले तेव्हाही शर्ट तसाच पांढरा होता. सगळे पुरावे समोर ठेवले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "बाजूला रंगवलं नाही, एवढंच ना साहेब? दंड भरतो. माणूस तर ड्रायव्हरनं मारला."

माझे कान तापले. मी टेबलाला दोन्ही हातांनी धरून बसलो. हात उचलला असता, तर न्यायालयात तो त्याच्याच वकिलाच्या कामी आला असता. "एक माणूस रस्त्यावर पाणी मागत पडला होता," मी म्हणालो, "आणि तुझा ड्रायव्हर त्याला द्यायला बाटली आणत होता. ती बाटली तू अडवलीस."

तो वकिलाला फोन करू देण्याची मागणी करत राहिला.

एक वरिष्ठ मला म्हणाले, "चालकावर निष्काळजीपणाचं कलम लाव आणि मोकळा हो. अक्षरांचं काय घेऊन बसलास?" मी मोकळा झालो नाही. फसवणूक, बनावट पाटी, पुरावा नष्ट करणे, सगळी कलमे मालकावर लावली आणि दोषारोपपत्र पाठवले. खटला रखडत चालला. दोघांनाही शिक्षा झाली. चालकाला जास्त, मालकाला कमी. चालक तिथूनच तुरुंगात गेला. मालक अपिलाच्या जामिनावर घरी गेला. विधवेला भरपाईचा हुकूम मिळाला, पण विमा नसल्यामुळे ती मालकाकडूनच वसूल करायची होती. त्यासाठी तिला पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

निकालाच्या दिवशी आवारात मालक हात जोडून माझ्यासमोर आला. "राग नसावा साहेब. धंदा आहे."

"राग आहे," मी म्हणालो, "आणि तो राहणार."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. कायद्याची मोठी कलमे माणूस मेल्यावर लागतात. तो जिवंत राहावा म्हणून जे आहेत ते हेच किरकोळ वाटणारे नियम आहेत, आणि आपण त्यांनाच हसतो. ज्याला आपले नाव लिहायचे नाही, त्याला जबाबदारी घ्यायची नाही, हे त्या कोऱ्या फळ्यांवर सगळ्यांना वाचता येण्यासारखे होते. तो ट्रक रोज चौकाचौकातून जात होता. कोणीही वाचले नाही.

त्यानंतर मी जिथे जिथे बदलून गेलो, तिथे बाजू कोरी असलेला ट्रक पुढे जाऊ दिला नाही. रंगारी आणा, लिहा, मग जा. मागे वाहनांची रांग लागे, कर्णे वाजत, वरून फोन येत. एकदा एक चालक वैतागून म्हणाला, "सर, एवढ्याशा अक्षरांसाठी?"

"हो," मी म्हणालो, "एवढ्याशा अक्षरांसाठीच. गाडी बाजूला घे."