डब्यावरची काळी पट्टी

हे जाऊन सहा आठवडे झाले. आदल्या दुपारी मी इस्पितळात ह्यांच्या खाटेशी बसले होते, एक गोष्ट सांगायची म्हणून. हे झोपले होते. उठवावं की नको... उद्या सांगू म्हटलं आणि घरी आले. सकाळी मुलाचा, विजूचा फोन आला, "मम्मी, पापा नहीं रहे." मी चौथी शिकलेली बाई, लिहायची सवय नाही. पण ती गोष्ट आता पोटात ठेवता येत नाही.

साताऱ्याकडून लग्न होऊन चंदीगडला आले, त्याच वर्षी ह्यांनी कचेरीतल्या एका सरदारजींकडून जुना डबा कॅमेरा घेतला. वरच्या काचेत बघायचं आणि खटका दाबायचा, एवढंच. तेवढंही ह्यांना जमेना. पहिल्या रोलमध्ये माझं डोकं उडालं. दुसऱ्यात सूर्य माझ्या पाठीशी, म्हणून तोंड तव्यासारखं. तिसऱ्यात ह्यांचंच बोट. कुणीतरी सांगितलं, सहा पावलांवरून काढा. मग हे पावलं मोजत मागे मागे जायचे. सुखना तळ्यावर असंच जाताना एका बाईच्या पराठ्यांत पाय दिला. मला लाज वाटायची. बारा फोटोंतले दोन धड यायचे, पण स्वभाव हट्टी.

त्या थंडीत सासूबाई आल्या. त्यांचा जन्मात फोटो निघाला नव्हता. ह्यांनी त्यांना गच्चीवर उन्हात बसवलं.

"आई, श्वास रोखून धर."

"का रे, विहिरीत उडी मारायचीय का?"

हे हसले आणि खटका दाबला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई निघायच्या होत्या. रोल संपायला चार फोटो बाकी. हे बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी कशी आले गं? दाखव की." मला वाटायचं, फोटो आत तयारच असतो. खिडकीशी उजेडात नेऊन मी मागचं झाकण उघडलं. आत आकडे छापलेला कागद, त्याखाली मळकी पट्टी. सासूबाई कुठेच नाहीत. "लाव बाई परत. त्याला सांगू नकोस, ओरडेल," त्या म्हणाल्या. मी लावलं.

महिन्याभरात त्या गावी वारल्या. दिवस उरकून परतल्यावर ह्यांनी रोल धुवायला टाकला. सगळा वाया. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, अंदर लाइट चली गई." हे घरी येऊन झाकण उघडझाप करत बसले. "खिटी सैल आहे. मी आधीच बघायला हवं होतं. आईचा एकच फोटो, तोही मी घालवला." मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

त्यानंतर रोल घातला की हे झाकणाच्या फटीवर काळी पट्टी चिकटवायचे. मी कापून हातात द्यायची. पुढे फोटो चांगले यायला लागले. कुणी कौतुक केलं की पट्टीवर बोट ठेवायचे, "ही आधी लावली असती तर आई दिसली असती." किती वर्षं ऐकलं मी हे. आधी सासूबाईंनी सांगितलं म्हणून गप्प बसले, मग भीतीनं, मग... सवयीनं. सवय सगळ्यांत वाईट.

परवा विजू आला, खरडहून, जवळच्याच त्याच्या गावाहून. कपाट आवरताना डबा निघाला. "मम्मी, ये टेप क्यों? निकाल दूँ?" मीच काढली. झाकण लावलं, खिटी खट्कन बसली. ओढून पाहिली, हलली नाही. विजूला सगळं सांगितलं.

"इतनी सी बात? पापा हँस देते."

हसलेही असते. पण हसायचं की नाही, ते ह्यांनी ठरवायचं होतं.

डबा परत ठेवायचा म्हणून मी नवी पट्टी कापली, आणि सवयीनं हात पुढे केला.