डाव्या हाताचा शर्ट

मास्तरांना झटका आला तो उजव्या हाताला. जिभेला काही झालं नाही, आणि त्याचे भोग घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला आले. ज्या हाताने चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे शर्ट बेतले, त्या हाताची बोटं आता जेमतेम हलायची. पाय थोडा ओढत का होईना, चालत होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दाबायला दिला, तेव्हा मास्तर फणकारले, "हे काय चेंडू खेळायचं वय आहे?" बाईंची पाठ वळली की मात्र दिवसभर चेंडू दाबत बसायचे.

दुकानाची किल्ली लेकीने आपल्या पर्समध्ये टाकली होती.

"बाबा, शर्टाची बटणंसुद्धा आई लावते तुमची. एकटे दुकानात बसून करणार काय?"

"लोकांच्या शर्टांना बटणं लावीन."

"आधी स्वतःची लावा. महिनाअखेरपर्यंत जमलं तर किल्ली तुमची. नाहीतर दुकान त्या मोबाइलवाल्याला."

मोबाइलवाला भिंती मोजून गेलाही होता. लेकीबरोबर दुकान दाखवायला गेलेल्या मास्तरांनी त्याला "आधी टेप सरळ धर" म्हणून झापलं होतं.

रोज सकाळी बायको समोर उभी राहून बटणं लावायची आणि मास्तर छताकडे बघत बसायचे. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. राग तिच्यावर नव्हता, पण निघायचा तिच्यावरच. डावा हात बटणापुढे अगदीच ढ होता. त्याला वळण लावायचं तर आपलंच काम द्यायला हवं, असं त्यांनी ठरवलं. शर्ट बेतणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, अशी बढाई ते जन्मभर मारत आले होते. आता करून दाखवायची वेळ आली होती.

त्यांनी आपली जुनी कात्री डाव्या हातात धरली. कापड कापलं जाईना, पात्यांमध्ये दुमडून बसायला लागलं.

"ती उजव्या हाताची कात्री आहे," बायको म्हणाली. "डाव्या हातात नाही चालत."

"कात्रीला कसला आलाय उजवा-डावा?"

ती आत गेली आणि कपाटातल्या टॉवेलांखालून एक कात्री घेऊन आली. बायको डावखुरी. लग्न झाल्यापासून तिची एकच तक्रार, या घरातल्या कात्रीने काही कापलं जात नाही. त्यावर मास्तर भर दुकानात हसायचे, "शिंप्याची बायको, आणि कात्री धरता येत नाही!"

"ही कधी घेतलीस?"

"पंचवीस वर्षं झाली."

"बोलली नाहीस कधी?"

"बोलत होते की. तुम्ही हसत होतात."

मास्तरांनी ती कात्री डाव्या हातात घेतली.

मग निळ्या चौकटींचं कापड टेबलावर पसरलं. निकामी उजवा हात वजनासारखा त्यावर ठेवला आणि डाव्या हाताने खडूच्या रेघा मारल्या. बायकोची कात्री सरसर चालली. सुईत दोरा तिने ओवून दिला, बाकी सगळं त्यांनी केलं. डाव्या पायाने घरातलं जुनं मशीन मारत नऊ दिवसांत शर्ट उभा राहिला. महिन्याचा एकच दिवस उरला होता.

बायकोने शर्ट उजेडात धरला आणि तिला हसू आवरेना.

"अहो, बटणं डावीकडे! हा तर बायकांचा शर्ट झाला!"

डाव्या हाताने आखताना सगळंच उलटं मांडलं गेलं होतं. ही चूक करणाऱ्या कारागिराला मास्तरांनी एके काळी आठवडाभर काज करायला बसवलं असतं. ते खुर्चीत मटकन बसले. "देऊन टाका दुकान," म्हणाले, आणि न जेवताच झोपले.

सकाळी बायकोने तोच शर्ट त्यांच्या अंगात चढवला. "टाकायचा कशाला? घरात घाला." तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली. ती दाराशी गेली आणि शेजारणीशी बोलत रेंगाळली. मास्तरांचा डावा हात सहज शर्टाकडे गेला. बटण नेमकं बोटांखाली आलं. अंगठ्याने रेटलं, तर काजातून पार! त्यांना वाटलं, चुकून लागलं असेल. दुसरं लावून बघितलं, मग तिसरं.

ती परतली तेव्हा गळ्याचं बटण तेवढं राहिलं होतं. सवयीने तिने हात पुढे केला.

"थांब," मास्तर म्हणाले.

तिने हात मागे घेतला. बटण दोनदा निसटलं आणि तिसऱ्यांदा बसलं. तिला रडू फुटलं. "दूध उतू जाईल," म्हणत ती आत पळाली. गॅस पेटवलेलाच नव्हता.

दुपारी लेकीने सगळी बटणं काढायला लावून पुन्हा परीक्षा घेतली. "पण हा तर बायकांचा..."

"बटणं कुठल्या बाजूला हवीत, हे अटीत नव्हतं."

तिने हसत किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून शटर उचललं. मास्तरांनी आपली कात्री खणात टाकली आणि बायकोची टेबलावर ठेवली.

"चाळीस वर्षं तुला नावं ठेवली मी. कात्री चुकीची होती."

"कात्री?" बायकोने भुवया उंचावल्या.

मास्तर गळ्याच्या बटणाशी चाळा करत राहिले.

"मी चुकलो," ते म्हणाले आणि डाव्या हाताने टेबलावर कापड पसरू लागले.

बायकोने कापडाचं दुसरं टोक धरलं.