पाजणारा मी, लिहिणाराही मीच

राज्याचे दोन भाग झाले, त्या वर्षातली गोष्ट. हैदराबादच्या एका बस डेपोत मी कंट्रोलर होतो आणि पहाटे पाचला ड्रायव्हर लोकांच्या तोंडासमोर मशीन धरायचं काम माझ्याकडे होतं. फुंका, आकडा बघा, रजिस्टरमध्ये लिहा, मगच गाडी ताब्यात...

नियम साधा होता. मशीनने दारू दाखवली की ड्रायव्हरला गाडी नाही, त्याचं नाव वर जाणार आणि त्या दिवसापासून तो सस्पेंड. आदल्या संध्याकाळची असो की आत्ताची, मशीनला फरक कळत नाही.

त्या दिवसांत आमचीही वाटणी चालली होती. कोण इथे राहणार, कोण आंध्रात जाणार, याच्या याद्या नोटीस बोर्डावर लागायच्या आणि माणसं त्या बारावीच्या निकालासारख्या वाचायची. आमचे वीस वर्षांचे सोबती, मेकॅनिक राव गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'साहेब')... त्यांचं नाव तिकडच्या यादीत निघालं.

निरोपाची पार्टी करायचं मीच ठरवलं, नल्लकुंट्याला आमच्या गच्चीवर. बायकोने आधीच सुनावलं, "अहो, संध्याकाळी तुम्हीच पाजणार आणि पहाटे तुम्हीच फुंकायला लावणार?" मी ते हसण्यावारी नेलं.

आता आमच्या घरची खोड सांगतो. पाहुणा 'पुरे' म्हणाला की आमच्याकडे ते पुरे नसतं. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायची, हे मी वडिलांकडून शिकलो. तीन पिढ्या हैदराबादेत काढल्या, बोलण्यात अर्धी दखनी आली, पण आग्रह काही सुटला नाही. जिलबीपुरता तो ठीक होता...

मल्लेश त्या संध्याकाळी कोपऱ्यात नुसता सोडा घेऊन बसला होता. आमच्या डेपोचा ड्रायव्हर, अकरा वर्षं विद्यानगरच्या रूटवर, एकही अपघात नाही. आलेल्यांपैकी पहिल्या पाळीचा तो एकटाच. "नक्को साब, सुबह पैली गाडी मेरीच है," म्हणाला.

मी ऐकतोय थोडाच! राव गारूंची शपथ घातली. "सुबह तक उतर जाती रे," असं छातीठोक सांगितलं. पहिला ग्लास त्याने घेतला, दुसरा मी भरला, पुढचे मी मोजलेच नाहीत... राव गारूंच्या गळ्यात पडून आम्ही सगळेच रडत होतो.

पहाटे रांगेत मल्लेश चौथा होता. अंघोळ केलेली, कपाळावर कुंकू, खाकी शर्टाला इस्त्री. त्याने फुंकलं आणि मशीन वाजलं.

तो हळूच म्हणाला, "साब, कल आपच बोले ना... सुबह तक उतर जाती बोलके." माझं स्वतःचं डोकं तेव्हा ठणकत होतं. पण मशीन धरणाऱ्याने फुंकायचं, असा काही नियम नव्हता.

त्याच्या मागे सात-आठ जण उभे होते. मी म्हणालो, "पीछे लोगां खड़े हैं मल्लेश, साइन कर." त्याने सही केली.

त्याला गाडी न देणं बरोबरच होतं, यात मला आजही शंका नाही. त्या गाडीत कॉलेजची पोरं चढायची. तो आकडा बघून मी माझ्या मुलीलाही त्या बसमध्ये बसू दिलं नसतं. पण रजिस्टरमध्ये मी एवढंच लिहिलं की ड्रायव्हर प्यायलेला आढळला... कुणी पाजली ते लिहिलं नाही.

दीड महिन्याने चौकशी झाली. साक्षीदार मीच, मल्लेशच्या समोरच्या खुर्चीत. कुठे प्यायलास, कुणाबरोबर, असं साहेबांनी विचारल्यावर त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "घर में पिया साब, अकेला."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण माझंही इथलं पोस्टिंग अजून पक्कं व्हायचं होतं, आणि मी घाबरलो. टेबलावरच्या फायलीकडे बघत बसलो. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर साक्षही दिली.

मल्लेशला नोकरीवरून काढलं. त्याची बायको नारायणगुड्याच्या एका शाळेत आयाचं काम करायला लागली.

एकदा ती मला तिथल्या बसस्टॉपवर भेटली. मला बघून तिने वाकून नमस्कार केला, "साब, आप बड़े लोगां से बोलके देखो ना," म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं! त्याने घरीसुद्धा माझं नाव सांगितलं नव्हतं... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो आणि वरच्या साहेबांना पत्र लिहायला बसलो. गच्ची, शपथ, ग्लास, सगळं लिहिलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय... मल्लेशच्या अपिलाला ते पत्र जोडलं गेलं आणि तो नोकरीत परत आला. पण स्टिअरिंग त्याला पुन्हा मिळालं नाही, गाड्या धुण्याच्या शेडमध्ये टाकलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि माझ्याकडचं मशीन काढून घेतलं.

माफी मागायला शेडमध्ये गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, "हौ साब" म्हणाला आणि पुढच्या चाकावर पाण्याचा पाईप धरला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

हे आज लिहितोय, कारण काल माझ्या रिटायरमेंटच्या पोस्टवर तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला 'शिस्तीचा माणूस' म्हटलंय. तुमचं प्रेम आहे, पण तो शब्द मला झेपत नाही...

मल्लेशचं नाव लिहायला मला अर्धं मिनिट पुरलं होतं. माझं स्वतःचं लिहायला सात महिने लागले.