कळ दाबणाऱ्या पोरी

लातुरात मेडिकलच्या क्लासेसच्या गल्लीत मी मुलींचं हॉस्टेल सांभाळते. इथं पोटाची गोष्ट कोणी वेळेवर सांगत नाही. घरून फोन येतो, "जेवलीस का?" पोरगी "हाव" म्हणते आणि विषय संपतो. बाकीचं सगळं साठत जातं. तिच्या पोटात, आणि किस्से होऊन माझ्याकडे.

*

माहूरची शीतल पाणीच प्यायची नाही. पेपरमधून उठावं लागलं तर वेळ जातो, म्हणून. बाटली भरून न्यायची, तशीच भरलेली परत आणायची. एका सकाळी पोट धरून जिन्यातच बसली. अपेंडिक्स असेल या भीतीनं दवाखान्यात नेली आणि वडलांना फोन लावला. त्यांचं गडाखाली नारळ-ओटीचं दुकान. ते शेजाऱ्यावर टाकून, मिळेल त्या गाड्या बदलत माणूस आला.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स नाही. मळ साचून पार दगड झालाय."

शीतलनं शरमेनं चादर तोंडावर ओढली. वडील खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "रोज फोनवर मार्क विचारले गं. पाणी पितीस का, कधी विचारलंच न्हाई."

*

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दिवसभर थोडं थोडं पाणी, पालेभाजी, भाकरी, रोज पायी फिरणं, आणि कळ आली की दाबायची नाही. हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. पोरी माना खाली घालून ऐकत राहिल्या.

स्वयंपाकाच्या नसरीन आपा ज्वारीची भाकरी आणि मेथी करायच्या. पोरी ती ताटात तशीच ठेवून बाहेर नूडल्स खायच्या. त्या दिवसापासून आपा स्वतःचं ताट घेऊन पोरींच्या मधे बसायला लागल्या.

एकीनं नाक मुरडलं. "आपा, घरी पण हेच, इथं पण हेच?"

आपा म्हणाल्या, "घर आठवून रोज रडून राहिलीस, अन् घरचं ताटात आलं तर खात न्हाईस. मग रडतीस कशाला?"

पोरगी जेवली. जेवता जेवता पुन्हा रडली.

*

नांदेडच्या गौरीनं कोणाला न विचारता चूर्ण सुरू केलं. आधी चिमूटभर, मग चमचा, मग त्याशिवाय पोट हलेना. मोठ्या टेस्टच्या आदल्या दिवशी तिनं जरा जास्तच घेतलं. सकाळी रिक्षा दारात येऊन थांबली, बाकीच्या बसल्या, ही संडासात. मी दार वाजवलं.

आतून आवाज आला, "मॅडम, रिक्षा जाऊ द्या. माझा पेपर इथंच चालू हाय."

पोरी हसल्या. ती बाहेर आली तेव्हा मात्र चेहरा पांढरा पडला होता. पुढं डॉक्टरांनी चूर्ण हळूहळू सोडवलं. त्याला बरेच महिने लागले, आणि त्या महिन्यांत गौरी कोणाशी धड बोलली नाही.

*

अहमदपूरची प्रणाली दर रविवारी गावी जायची. तिची आई अंगणवाडीत मदतनीस. फोनवर मला कौतुकानं सांगायची, "मॅडम, पोरगी माझ्याबिगर राहतच न्हाई."

खरं कारण प्रणालीनं एकदा माझ्या खोलीत येऊन सांगितलं. सकाळी संडासाबाहेर रांग, दारावर थापा. तिला आत बसून काही होतच नसे. आठवडा कसाबसा काढायचा आणि घरी जाऊन मोकळं व्हायचं.

गच्चीवर एक संडास बंद पडलेला होता. तो मी दुरुस्त करून घेतला. तिला म्हटलं, रोज चहा झाला की वर जायचं, घाई करायची नाही, कोणी हाक मारणार नाही. हळूहळू तिचं पोट ताळ्यावर आलं. रविवारचं गावी जाणंही थांबलं.

मग एका दुपारी तिची आई डबा घेऊन दारात उभी. बसा म्हटलं तर बसेना.

"मॅडम, पोरीचं मन उडालं का माझ्यावरनं? दर रविवारी तिच्या आवडीचं करते. येतच न्हाई ती."

प्रणाली माझ्या मागं उभी होती. मी वळून पाहिलं, तर ती भिंतीकडे बघून राहिलेली.

"अभ्यास लई आहे तिला," मी म्हणाले.

आईनं डबा टेबलावर ठेवला आणि गेली.

पुढच्या रविवारी प्रणाली चहा पिऊन गच्चीवर जाऊन आली. हातपाय धुतले, केस विंचरले, आणि अहमदपूरची गाडी धरली.